दुर्बिणीच्या आरशावर दव धरू नये म्हणून

आपण लिहिले आहे की, वर्धा जिल्ह्यातील एका गावात शाळेच्या मैदानावर, अमावस्येच्या आसपासच्या रात्री, २०० मिलिमीटर व्यासाच्या डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरच्या, आरशाच्या) दुर्बिणीतून आपण मुलांना आणि गावकऱ्यांना आकाश दाखवता. नोव्हेंबर लागल्यापासून रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास प्रतिमा फिकट होऊ लागते, ठळक ताऱ्यांभोवती धूसर वलय दिसते, आणि टॉर्च लावून पाहिल्यावर वरचा लहान, म्हणजे दुय्यम आरसा धुरकटलेला आढळतो. तळाचा मुख्य आरसा मात्र कोरडाच असतो. लहान आरसा आपण रुमालाने पुसता आणि थोड्याच वेळात तो पुन्हा धुरकटतो. असे का होते, हेअर ड्रायर घ्यावा काय आणि मैदानावर वीज नसताना दुसरे काय करता येईल, असे आपण विचारले आहे.

सर्वांत आधी रुमाल बंद करावा. घरातील आरशाचा चमकदार थर काचेच्या मागे सुरक्षित असतो. दुर्बिणीच्या आरशाचा ॲल्युमिनियमचा थर काचेच्या पुढच्या बाजूला, उघड्यावर असतो आणि त्याची जाडी साधारण ०.१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकी असते. त्यावर पातळ संरक्षक थर असला तरी तो रुमालाच्या घासण्यासाठी नाही. शिवाय आपल्याकडे हे दिवस सोयाबीनच्या मळणीचे आणि कापूस वेचणीचे असतात. हवेत भुसा, तूस आणि मातीचे कण भरपूर असतात, ते ओल्या आरशावर चिकटतात आणि रुमालाखाली सापडले की ओरखडे काढतात. इतके करूनही पुसण्याने साध्य काहीच होत नाही, कारण आरशाचे तापमान होते तेवढेच राहते. दव हा तापमानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर तापमानातच शोधावे लागते.

कोणतीही वस्तू तिच्या तापमानानुसार अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, बाहेर टाकत असते आणि आजूबाजूच्या वस्तूंकडून तसेच प्रारण घेत असते. भिंत, झाड, जमीन ह्यांचे तापमान हवेच्या आसपास असल्यामुळे त्यांच्याकडे तोंड केलेल्या वस्तूची देवाणघेवाण जवळपास बरोबरीत सुटते. निरभ्र आकाशाचे तसे नाही. त्याच्याकडून परत येणारे प्रारण इतके कमी असते की, आकाश हवेपेक्षा वीस-एक अंशांनी, कोरड्या रात्री त्याहूनही अधिक थंड असलेल्या छतासारखे वागते. म्हणून आकाशाकडे तोंड करून ठेवलेली वस्तू सतत उष्णता गमावते आणि वारा नसेल तर भोवतीच्या हवेपेक्षा दोन-चार अंशांनी थंड होते. तिचे तापमान दवबिंदू तापमानाच्या, म्हणजे हवेतील वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाच्या, खाली उतरले की तिला स्पर्श करणाऱ्या हवेतील वाफ तिच्यावर पाणी होऊन बसते. हा उलगडा विल्यम चार्ल्स वेल्स या लंडनमधील वैद्याने १८१४ साली केला. त्याने लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवले, काही पुंजके आडव्या फळीच्या वर आणि काही त्याच फळीच्या खाली, आणि सकाळी त्यांचे वजन केले. फळीखालच्या पुंजक्यांनी फारच कमी पाणी धरले होते. आपल्या भागात हा प्रयोग कापसाच्या बोळ्यांनी मुलांकडून सहज करवून घेता येईल.

आता आपल्या साडेनऊ-दहाचा हिशेब पाहू. समजा, सायंकाळी सात वाजता तापमान २४ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. ह्या हवेचे दवबिंदू तापमान सुमारे १६ अंश येते. हवेत वाफ तेवढीच राहिली आणि दहा वाजता तापमान १८ अंशांवर आले, तर सापेक्ष आर्द्रता ८७ टक्क्यांच्या आसपास पोहोचते. धुक्याचा मागमूस नसतो, हवा स्वच्छ वाटते, परंतु जी वस्तू हवेपेक्षा तीन अंशांनी थंड झाली आहे ती १५ अंशांवर, म्हणजे दवबिंदूच्या खाली गेलेली असते. मैदानावर तोंडी हिशेबासाठी एक ढोबळ नियम पुरेसा आहे: आर्द्रता ५० टक्क्यांहून अधिक असताना, ती १०० टक्क्यांपेक्षा जितकी कमी असेल त्याच्या दर ५ टक्क्यांमागे दवबिंदू हवेच्या तापमानापेक्षा १ अंश खाली धरावा. स्वस्त डिजिटल आर्द्रतामापक काही टक्क्यांनी चुकतात, तरी कल पाहायला ते चालतात. मापक नसेल तर उघड्यावर उभ्या केलेल्या मोटारसायकलच्या सीटवर अधूनमधून हात फिरवावा. सीट आकाशाकडे तोंड करून असते आणि लवकर थंड होते, त्यामुळे बहुधा ती आरशाच्या आधी ओली होते.

मुख्य आरसा कोरडा का राहतो, हेही ह्याच हिशेबात बसते. आपल्या दुर्बिणीच्या नळीची आतील त्रिज्या सुमारे ११५ मिलिमीटर असेल. नळीच्या तोंडापासून १५० मिलिमीटर आत बसलेल्या दुय्यम आरशाच्या पाठीला उघड्या आकाशाचा साधारण ३७ टक्के भाग मिळतो. तोंडापासून ११०० मिलिमीटर खाली असलेल्या मुख्य आरशाला जेमतेम एक टक्का. त्यात मुख्य आरशाची काच जाड आणि वजनदार असल्यामुळे ती हवेच्या मागे राहून सावकाश थंड होते, म्हणजे रात्रीचा बराच काळ ती हवेपेक्षा किंचित उबदारच असते. दुय्यम आरसा लहान आणि हलका. जवळची उष्णता तो पटकन गमावून बसतो. फाइंडरचे (रोख धरण्याच्या लहान दुर्बिणीचे) पुढचे भिंग आणि आयपीस (डोळा लावायचे भिंग) यांची गत तर त्याहून वाईट, कारण ती सरळ उघड्यावरच असतात. मुख्य आरशाविषयी एक सावधगिरी मात्र बाळगावी, ती पुढे पहाटेच्या संदर्भात येईल.

उपायांमध्ये पहिला जागेचा आहे आणि त्याला खर्च नाही. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री थंड हवा उताराने वाहत नाल्याकडे आणि सखल भागाकडे जमते, त्यामुळे नाल्याकाठची जागा शेजारच्या टेकाडापेक्षा काही अंशांनी थंड आणि अधिक ओलसर असते. नोव्हेंबर-डिसेंबरात गहू-हरभऱ्याचे ओलीत सुरू असते. ज्या वावरात त्या दिवशी पाणी दिले असेल त्याच्या धुऱ्यावर दुर्बीण मांडणे म्हणजे दवाला आमंत्रण देणे होय. भंडारा-गोंदियाकडे तलाव आणि धानाच्या बांध्या, वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या ओलिताच्या बागा यांच्याविषयीही हेच. आपल्या मैदानाची एखादी बाजू उंचावर असेल आणि तिथे वाऱ्याची हलकी झुळूक लागत असेल तर तीच निवडावी. झुळूक आरशाला पुन्हा पुन्हा हवेच्या तापमानाकडे खेचते आणि दव लांबवते. शाळेच्या स्लॅबवर दव कमी धरते हे खरे, परंतु दिवसभर तापलेल्या स्लॅबमधून वर येणाऱ्या हवेमुळे ग्रहांची प्रतिमा थरथरते, म्हणून स्लॅब मी सहसा सुचवत नाही. जमिनीवर ताडपत्री अंथरल्यास मातीतून आणि गवतातून वर येणारी वाफ थोडी अडते. आयपीसची पेटी, चार्ट आणि वह्या कडुनिंबाखाली किंवा व्हरांड्यात ठेवलेल्या टेबलावर ठेवाव्यात. डोक्यावर आकाश नसले की त्या कोरड्या राहतात.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातील भाग भारतातील पहिला डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता पावल्यापासून अनेक जण दुर्बिणी घेऊन तिकडे जाण्याचा विचार करतात. जाणे योग्यच आहे, परंतु आकाश काळे असणे आणि हवा कोरडी असणे ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. जंगलातील तलावाकाठी हिवाळ्यात दव भरपूर असते आणि पुढचे उपाय तिथे अधिकच लागतात.

दुसरा उपाय म्हणजे नळीला पुढे जोडायची काळी बाही. वर दिलेल्या हिशेबात नळी ३०० मिलिमीटर पुढे वाढवली, तर दुय्यम आरशाला मिळणारे आकाश ३७ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर येते. एवढ्या लहानशा कामातून एवढा फरक दुसऱ्या कोणत्याही उपायाने पडत नाही, म्हणून हीटरच्या मागे लागण्यापूर्वी ही बाही करावी. योगासनाची काळी फोमची चटई ह्या कामाला उत्तम आहे. ३०० मिलिमीटर रुंद आणि नळीच्या बाहेरच्या घेरापेक्षा चार-पाच सेंटिमीटर लांब पट्टी कापून, नळीवर गुंडाळून, टोकांना वेल्क्रो लावावा. नळीवर चढण्यासाठी रुंदीतून पाचेक सेंटिमीटर जास्तीचे धरावे. पुठ्ठा किंवा कार्डशीट घेऊ नये. ती दव पिऊन मऊ पडते आणि मध्यरात्री प्रकाशाच्या वाटेत वाकते. फोम वजनाला हलका असल्यामुळे दुर्बिणीचा तोल फारसा बिघडत नाही, आणि बिघडलाच तर तळाकडच्या बाजूला एखादे चुंबक चिकटवून तो सावरता येतो. बाहीमुळे शेजारच्या घराच्या दिव्याचा तिरपा प्रकाशही अडतो, हा वरचा लाभ.

तिसरा उपाय क्वचितच कोणी सांगतो, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. काच आणि रंग, मग तो काळा असो वा पांढरा, अवरक्त प्रारण जवळपास सारख्याच उदारपणे बाहेर टाकतात. दिवसा पांढरा पत्रा कमी तापतो म्हणून तो रात्री कमी थंड होईल असे समजणे बरोबर नाही. उघडे, चकचकीत ॲल्युमिनियम मात्र त्यांच्या तुलनेत दहा टक्क्यांहूनही कमी प्रारण टाकते. म्हणजे आपल्या दुय्यम आरशाची पुढची, ॲल्युमिनियम चढवलेली बाजू फारशी उष्णता गमावत नाही. गमावते ती त्याची काचेची पाठ, काचेची कड आणि आकाशाकडे असलेला काळा धारक. हे ध्यानात घेऊन धारकाच्या आकाशाकडील बाजूवर आणि उघड्या पाठीवर आधी फोमचा पातळ तुकडा आणि त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावावी; फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे ती मिळते. हीच पट्टी नळीच्या बाहेरच्या अंगाला, निदान वरच्या अर्ध्या भागाला गुंडाळली तर पत्र्याची नळी हवेपेक्षा खाली जाण्याचे प्रमाण कमी होते आणि नळीच्या आतली हवाही शांत राहते. नळीची आतली बाजू अर्थातच काळीच ठेवायची. चांदीचा कागद गुंडाळलेली दुर्बीण दिसायला विचित्र दिसते हे मान्य आहे. रात्री अंधारात ते कोणाला दिसत नाही.

बाही आणि ॲल्युमिनियम यांनी ऑक्टोबर अखेरपासून फेब्रुवारीपर्यंतच्या पुष्कळ रात्री निभावतात. आर्द्रता ९० टक्क्यांच्या पुढे गेली की थोडी उष्णता बाहेरून द्यावी लागते, आणि इथे बहुतेकांचा अंदाज फार मोठा चुकतो. आपल्या दुर्बिणीतील दुय्यम आरसा साधारण ५० बाय ७१ मिलिमीटरचा लंबगोल असेल, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर. निरभ्र आकाशाखाली उघडा पृष्ठभाग चौरस मीटरमागे ढोबळमानाने १०० वॅटपर्यंत उष्णता गमावतो असे धरले, तर ह्या आरशाचे पूर्ण उघड्यावरचे नुकसानही पाव-सव्वापाव वॅटच्या आसपासच भरते. त्याला दवबिंदूच्या वर अंश-दोन अंश ठेवायचे असेल तर एक वॅट पुरेसा आहे, आणि धारकाकडे वाहून जाणारी उष्णताही त्यात भागते. ह्याच्या पाच-दहा पट उष्णता दिली तर आरसा कोरडा राहील, पण त्याच्यावरून वर जाणारी उबदार हवा नेमकी प्रकाशाच्या वाटेत येईल आणि गुरूचे पट्टे विरघळल्यासारखे दिसू लागतील. आरसा हाताला कोमट लागला तर तो गरजेपेक्षा जास्तच तापला आहे असे समजावे.

हा एक वॅट घरी तयार करता येतो. २२ ओहमचे, अर्ध्या वॅट क्षमतेचे ६ रेझिस्टर एकसर जोडणीत घ्यावेत. एकूण रोध १३२ ओहम होतो आणि १२ व्होल्टवर त्यातून सुमारे ०.०९ अँपिअर विद्युतधारा वाहून १.१ वॅट उष्णता निघते. दरेक रेझिस्टरच्या वाट्याला ०.२ वॅटहून कमी येत असल्याने ते सुरक्षित राहतात, आणि सहा ठिकाणी विभागल्यामुळे काच एका जागी तापत नाही. ते आरशाच्या पाठीवर कडेने गोलाकार बसवून सिलिकॉनने चिकटवावेत. सिलिकॉन घेताना नळीचे टोक उघडून वास घ्यावा: व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन वाळताना ॲसिटिक आम्ल सोडते आणि ते ॲल्युमिनियमच्या थराला अपायकारक ठरू शकते, म्हणून बिनवासाचे, न्यूट्रल प्रकारचे मागावे. ॲल्युमिनियमची पट्टी आणि रेझिस्टरच्या उघड्या तारा यांचा स्पर्श होणार नाही, यासाठी मध्ये फोम असलाच पाहिजे. वीज नेणारी तार मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते तशी पातळ, इनॅमल चढवलेली घ्यावी आणि दुय्यम आरसा धरून ठेवणाऱ्या एका पात्याच्या पाठीमागून न्यावी, म्हणजे ती प्रकाशाच्या वाटेत वेगळी दिसत नाही. हे काम करताना दुय्यम आरसा काढावा लागतो, त्यामुळे नंतर कोलिमेशन, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणे, पुन्हा करणे ओघाने आले.

फाइंडर आणि आयपीस यांच्यासाठी १२ ओहमचे ६ रेझिस्टर एकसर जोडून प्रत्येकी २ वॅटचा पट्टा करावा आणि तो वेल्क्रोने भिंगाच्या किंचित मागे गुंडाळावा. इथे दरेक रेझिस्टरवर ०.३३ वॅट पडतो, म्हणून अर्ध्या वॅटपेक्षा एक वॅट क्षमतेचे घेतलेले बरे. एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा १२ व्होल्टचा डिमर मध्ये जोडला की उष्णता हवी तेवढी कमी-जास्त करता येते.

विजेचा प्रश्न आपल्या गावातच सुटण्यासारखा आहे. फवारणीच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि कापसाची फवारणी आटोपल्यावर ती रिकामीच पडून असते. दुय्यम आरसा, फाइंडर आणि आयपीस मिळून सुमारे ५ वॅट, त्यात मुख्य आरशामागचा लहान पंखा धरला तर साडेसहा वॅट, म्हणजे साधारण ०.५५ अँपिअर लागतो. सहा तासांत ३.३ अँपिअर-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरवू नये, ह्या मर्यादेत हे बसते. धन तारेवर २ अँपिअरचा फ्यूज अवश्य घालावा. आणि एक गोष्ट आग्रहाने सांगतो: पंप मैदानावर आणू नये. बॅटरी बाहेर काढून, हातमोजे घालून, साबणाच्या ओल्या फडक्याने नीट पुसून, स्वतंत्र डब्यात घालून आणावी. पंपाच्या अंगावर कीटकनाशकाचा अंश असतो आणि आपल्याकडे मुले सर्वत्र हात लावणार.

हीटर कधी सुरू करावा, याचे उत्तर दव धरण्याच्या आधी असे आहे. कोरड्या आरशाला दवबिंदूच्या वर ठेवायला वॅटचा अंशही पुरतो. एकदा दव धरले की तोच हीटर अपुरा वाटू लागतो, कारण एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २५०० जूल लागतात आणि तेवढा वेळ प्रेक्षक रांगेत उभे असतात. अंधार पडताच, डिमर निम्म्यावर ठेवून सुरू करावे. मोटारसायकलची सीट ओली झाली की वाढवावे.

मुख्य आरशासाठी हीटरची गरज नाही. त्याच्या मागे ८० मिलिमीटरचा, संगणकात असतो तसा १२ व्होल्टचा पंखा रबराच्या पट्ट्यांवर टांगून बसवावा आणि निरीक्षणाच्या पाऊण तास आधी सुरू करावा. त्याचे मुख्य काम आरसा लवकर हवेच्या तापमानाला आणण्याचे आहे. मात्र आरशाला तो हवेच्या खालीही जाऊ देत नाही, त्यामुळे धुके उतरेपर्यंत दवाचाही बंदोबस्त होतो.

हेअर ड्रायरविषयी माझे मत अनुकूल नाही. घरगुती ड्रायरला हजार वॅटच्या आसपास वीज लागते आणि वर सांगितलेल्या बॅटरीवर तो चालणार नाही. गाडीच्या लायटरवर चालणारे ड्रायर बहुधा फारच दुबळे निघतात. शाळेतून वायर ओढून आणलीच तर तो कमीत कमी उष्णतेवर, फुटभर अंतरावरून, सतत हलवत, केवळ फाइंडर आणि दुय्यम आरसा यांच्यापुरता वापरावा. मुख्य आरशावर गरम झोत कधीही सोडू नये. जाड काच असमान तापली की तिचा आकार बिघडतो आणि पूर्ववत व्हायला बराच वेळ जातो. शिवाय ड्रायरने सुकवलेला आरसा पुन्हा आकाशाकडे तोंड करून थंड होतोच, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासाने तोच खेळ पुन्हा सुरू होतो.

गावातील कार्यक्रमात आयपीसवर धरणारे धुके पुष्कळदा दव नसतेच, तो पाहणाऱ्याचा श्वास असतो. डिसेंबरच्या थंडीत नाक-तोंडावर दुपट्टा गुंडाळून आलेल्या माणसाचा श्वास दुपट्ट्यातून वर येतो आणि थेट भिंगावर बसतो. डोळा लावण्यापूर्वी दुपट्टा हनुवटीखाली घ्यायला सांगावे. त्याच आयपीसची दुसरी जोडी झाकण लावून खिशात उबदार ठेवली आणि आलटून पालटून वापरली, तर लहान कार्यक्रमात आयपीसचा हीटर लागतही नाही. आपण मृगातील तेजोमेघाविषयी किंवा देवयानी दीर्घिकेविषयी बोलत असताना दुर्बीण वापरात नसते. त्या वेळी नळी जवळजवळ आडवी करून तोंडावर कोरडे कापड टाकावे. आडव्या नळीसमोर क्षितिजाजवळची झाडे आणि जमीन येतात आणि उष्णता गमावण्याचा वेग लगेच कमी होतो.

आता पहाटेविषयी. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहण्यासाठी लोक रात्रभर जागतात. त्याला दुर्बीण लागत नाही, तरी ती मैदानावर मांडलेलीच असते. सूर्य वर आला की गवतावरचे आणि पिकावरचे दव वाफ होऊन हवेत मिसळते, हवेचा दवबिंदू झपाट्याने वाढतो, पण मुख्य आरशाची जाड काच अजून रात्रीच्याच तापमानाला असते. रात्रभर कोरडा राहिलेला आरसा अशा वेळी सकाळी सात-आठ वाजता चिंब होतो. म्हणून उजाडण्यापूर्वी, आरसे कोरडे असतानाच, दोन्ही टोकांची झाकणे घट्ट लावावीत. नळीत कोंडलेल्या थंड हवेत वाफ कमी असते, त्यामुळे दुर्बीण उबदार खोलीत नेली तरी आतल्या आरशांवर दव धरत नाही. जे धरायचे ते नळीच्या बाहेरून धरते. रात्री दहा-अकराला कार्यक्रम संपवून दुर्बीण घरी नेतानाही हाच क्रम पाळावा, कारण माणसे झोपलेल्या बंद खोलीतील हवा मैदानापेक्षा अधिक ओलसर असू शकते.

आरसे आधीच ओले झाले असतील तर नेमके उलटे करावे. ओल्या आरशावर झाकण लावू नये. दुर्बीण खोलीत आडवी, तोंड किंचित खाली करून, झाकणे उघडी ठेवून, छताचा पंखा मंद लावून सुकू द्यावी आणि पूर्ण कोरडी झाल्यावरच बंद करावी. ठेवण्याची खोलीही पाहून निवडावी. चुलीचा धूर येणारी खोली, गोठ्याला लागून असलेली खोली आणि खताची पोती ठेवलेली खोली टाळावी. तुराट्या-पऱ्हाट्यांची राख अल्कधर्मी असते. तिचे कण आरशावर बसून त्यावर दव धरले, तर तो थेंब ॲल्युमिनियमला खातो आणि पुन्हा थर चढवल्याखेरीज न जाणारा डाग राहतो. थेंब सुकल्यावर दिसणारे साधे पांढरट ठिपके मात्र फार मनावर घेऊ नयेत. प्रतिमेवर त्यांचा परिणाम नगण्य असतो आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा धुणे पुरते. धुताना विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये, विशेषतः अकोला, अमरावती, बुलढाणा भागातील खारपाणपट्ट्यातले तर मुळीच नाही, कारण सुकल्यावर क्षार मागे राहतात. बॅटरीच्या दुकानात मिळणारे डिस्टिल्ड पाणी घेऊन त्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकावेत, आरसा त्यात काही वेळ बुडवून ठेवावा, न घासता हलवावा, स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवावा आणि कडेवर उभा करून निथळू द्यावा. उरलेले एक-दोन थेंब टिश्यू पेपरच्या कोपऱ्याने टिपून घ्यावेत. रेझिस्टर चिकटवलेला दुय्यम आरसा बुडवायचा नाही. त्याच्या पुढच्या बाजूवरून तेच पाणी ओतून धुवावे.

एवढे सगळे करूनही काही रात्री हातात राहत नाहीत. टॉर्चचा झोत हवेत पांढऱ्या दांड्यासारखा दिसू लागला म्हणजे धुके तयार होत आहे आणि आर्द्रता १०० टक्क्यांना टेकली आहे. मोठ्या वेधशाळांतही आर्द्रता ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की घुमट बंद करतात. अशा वेळी झाकणे लावून दुर्बीण आत न्यावी आणि कार्यक्रम उरला असेल तर धुके दाट होईपर्यंत व्याध, रोहिणी, कृत्तिका हे मुलांना नुसत्या डोळ्यांनी ओळखायला लावावे. आपल्याकडे ऑक्टोबर ते जानेवारी ह्या काळात अशा रात्री येतात. फेब्रुवारीपासून हवा कोरडी होत जाते आणि मार्च ते मे ह्या महिन्यांत हीटरचा डबा उघडावाच लागत नाही. रेझिस्टर चिकटवण्याचे काम त्या मोकळ्या महिन्यांत करून, ऑक्टोबरमध्ये पावसाळा संपला की घरच्या अंगणात एक रात्र चालवून पाहावे.